वर्गातून एकीला जाऊ देणारी शाळा, सांगलीतला आमचा वर्षभराचा अनुभव

शाळेचा रिव्ह्यू म्हणलं की लोक फी, बोर्ड, इंग्लिश, ग्राउंड, गॅदरिंग बघतात. मी पण पहिल्या शाळेत ॲडमिशन घेताना तेच बघितलं होतं. आता पोरीला दुसऱ्या शाळेत घालून वर्ष झालं, हा त्या दुसऱ्या शाळेचा रिव्ह्यू आहे आणि यात मी जास्त करून संडासाबद्दलच लिहिणार आहे. घरात बारकी पोरं असतील तर पूर्ण वाचा, मोठं झालंय पण मी मुद्दाम काही कापलेलं नाही.

शाळांची नावं लिहीत नाही, दोन्हीची पण. पहिलीचं नाही कारण तसा नियम असलेल्या शाळा बऱ्याच आहेत, एकीलाच धरून काय होणार. आणि आत्ताच्या शाळेत पोरगी अजून शिकतेय म्हणून तिचंही नाही.

आधी पहिल्या शाळेचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर दुसरी का आवडली ते कळायचं नाही. पहिली शाळा बघायला चकाचक. स्मार्ट बोर्ड, कम्प्युटर लॅब, गेटवर सिक्युरिटी. सकाळी व्हॅन सात दहाला यायची, म्हणजे पोरगी घरातनं शेवटची शू करून निघायची पावणेसातला, शाळा पावणेआठची आणि पहिली सुट्टी दहा वीसला. तीही पंधरा मिनिटांची, त्यातच डबा, त्यातच हात धुणं, त्यातच बाथरूम. मोजून बघा, सहा वर्षांच्या लेकराला साडेतीन तास. मधे वर्गातनं जाता येत नव्हतं, डायरीच्या मागच्या पानावर नियमच छापलेला की तास चालू असताना वॉशरूमला सोडलं जाणार नाही, पालकांनी मुलांना तशी सवय लावावी. त्या पानावर माझी सही आहे. वाचून केलेली सही आहे. तेव्हा वाटलं, शाळेला शिस्त आहे.

त्यातनं कुणी विचारलंच तर इंग्लिशमधे विचारायचं. मे आय गो टू वॉशरूम टीचर, हे अख्खं वाक्य. करंगळी वर केलेली चालायची नाही, पहिलीतलं लेकरू, ऐन वेळेला त्याला वाक्य कुठनं आठवणार, आमची तर घाबरली की मराठी पण विसरते. वाक्य म्हणलं तरी उत्तर ठरलेलं, आत्ताच का, रिसेसला काय करत होतीस.

मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. आमच्या वेळी करंगळी दाखवून "बाई, एकीला जाऊ?" म्हणायचं, दोन बोटं दाखवली की दुकी. बाई फळ्यावर लिहिता लिहिताच मान हलवायच्या. दोन तास झाले की लघवीची सुट्टी वेगळी आणि जेवायची मधली सुट्टी वेगळी, घंटा पण वेगळी. पण आमचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही, मुलींना नीट संडासच नव्हता, शाळेच्या मागं बाभळीच्या आडोशाला जायचो, एक जण राखण करायची. मोठ्या वर्गातल्या मुली तर दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. हे मला माहीत होतं, स्वतः बघितलेलं होतं, तरी माझ्या पोरीची पाण्याची बाटली रोज भरलेली परत यायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

दिवाळीनंतर सुरू झालं ते. अर्धा लिटरची बाटली, जशी दिली तशी घरी. मी रागवायचे, पाणी का पीत नाहीस, डोकं दुखेल, पोट साफ होणार नाही. सासूबाई म्हणायच्या, अगं थंडी आहे, तहान लागत नसेल. पोरगी काही बोलायची नाही. आणि दुपारी दोनला व्हॅनमधनं उतरली की दप्तर जिन्यातच टाकून आत पळायची. ते बघून आम्ही हसायचो. आता आठवलं की कसंतरी होतं.

मग आली ३ जानेवारी. सावित्रीबाई आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या, त्यांची जयंती, शाळेत बालिका दिन. आमच्या पोरीला सावित्रीबाई केलं होतं, चार ओळींचं भाषण, नेसायला बारकं शिवलेलं नऊवारी, आत पिना लावलेल्या. सकाळी साडेसहाला आत्यांनी तिला नेसवली. कार्यक्रम दहाला, पाहुणे आले उशिरा. तिनं दोनदा सांगितलं म्हणे. पिना निघतील, पातळ सुटेल, भाषण झाल्यावर जा असं सांगून बसवलं. भाषण तिनं केलं पूर्ण. खाली उतरताना पायरीवरच झालं सगळं, सगळ्या वर्गांसमोर. मला मार्केट यार्डात ऑफिसला फोन आला की घरून कपडे घेऊन या. मी गेले तेव्हा ती स्टाफरूमच्या बाहेर स्टुलावर बसली होती, ओल्या पातळातच, अंबाडा तसाच, मळवट तसाच. रडत पण नव्हती. मला बघून म्हणली, "मम्मी, मी वाक्य बरोबर म्हणलं होतं."

नंतर दहा-बारा दिवसांनी ताप. आधी साधं औषध दिलं, उतरला, परत आला, लघवी करताना रडायला लागली, मग मिरजेला लहान मुलांच्या डॉक्टरांकडं नेलं. युरीन रुटीन, कल्चर, सोनोग्राफी. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागले, इन्फेक्शन निघालं, ई-कोलाय नावाच्या जंतूचं. डॉक्टरांनी नीट वेळ देऊन समजावलं म्हणून इथं लिहिते, कारण हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

लहान पोराच्या लघवीच्या पिशवीत किती मावतं याचा एक ढोबळ हिशोब आहे, वयात एक मिळवायचा आणि तीसनं गुणायचं, तेवढे मिली. म्हणजे सहा वर्षांच्या पोरीला २१०, घरातल्या चहाच्या कपानं दोन कप. दिवसातनं चार ते सात वेळा जाणं नॉर्मल, तीन किंवा कमी वेळा जात असेल तर ते कमी आहे, लक्ष द्यायला पाहिजे. मोठ्या माणसाला बराच आधी कळतं आणि तो थांबू शकतो, बारक्या पोरांना कळतं तेच ऐन वेळेला, त्यातनं खेळात किंवा चित्र काढण्यात असतील तर अजून उशिरा. म्हणून "आधी का नाही सांगितलं" हा प्रश्नच चुकीचा आहे म्हणाले. आणि रोज रोज दाबून धरलं की खालचे स्नायू आवळूनच ठेवायची सवय लागते, मग बसली तरी पूर्ण होत नाही, थोडी आत राहते, तिथं जंतू वाढतात. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळं त्यांना इन्फेक्शन लवकर होतं. पाणी कमी प्यायलं की अजून वाईट, आणि शी पण दाबली की ती कडक होऊन पिशवीवर दाब देते, म्हणजे एकात एक अडकलेलं सगळं. आमच्या पोरीला तीन-तीन दिवस शी होत नव्हती ते आम्ही खाण्यावर ढकलत होतो.

औषध दहा दिवस चाललं. पण खरं औषध त्यांनी सांगितलं ते म्हणजे दर दोन-अडीच तासांनी लघवीला जायचं, लागली असो नसो, आणि पाणी प्यायचं. घाई करायची नाही, पाय टेकवून बसायचं, पाय लोंबकळत राहिले तर स्नायू सैल होत नाहीत म्हणून कमोडपुढं पाट ठेवायचा. शाळेसाठी चिठ्ठी लिहून दिली.

चिठ्ठी घेऊन शाळेत गेले. मॅनेजमेंट म्हणालं ठीक आहे, मेडिकल सर्टिफिकेट द्या, तुमच्या मुलीला स्पेशल केस म्हणून सोडू. सोडलं पण. आणि झालं काय, चाळीस पोरांत एकटीच उठून जाणार, बाकीची पोरं खुसखुसणार, ३ जानेवारी सगळ्यांच्या लक्षात. आठ दिवसांत तिनं जायचंच बंद केलं. चिठ्ठी टीचरच्या टेबलावर आणि पोरगी बाकावर मांडी आवळून. तेव्हा मला पटलं की एकट्या पोरासाठी सवलत देऊन चालत नाही, नियम अख्ख्या वर्गाला असला पाहिजे, म्हणजे मग कुणी उठलं तर कुणी मान वर करून बघत नाही.

टीचर वाईट नव्हत्या, हे मला लिहायलाच पाहिजे. पंचवीस-सव्वीस वर्षांची पोरगी, वर्गात ४४ मुलं, हाताखाली कुणी नाही. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, एकाला सोडलं की दहा जण करंगळी वर करतात, आणि पॅसेजमधे बघायला कुणी नाही, एकटं पाठवलं आणि काही झालं तर मी काय करू. मला स्वतःला साडेअकरापर्यंत जाता येत नाही." यातलं एकही वाक्य खोटं नाही. २०२४ च्या ऑगस्टमधे बदलापूरला शाळेत जे झालं त्यानंतर कुठल्या बाईला चार-सहा वर्षांची पोरगी एकटी संडासाकडं पाठवायची हिंमत होईल. पण मग त्याला उपाय पॅसेजमधे एक मावशी बसवणं हा आहे, लेकरांना तीन-तीन तास कोंडून ठेवणं हा नाही. एका मावशीचा पगार वाचवायचा आणि त्याला शिस्त म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आणि सुट्टीत जा म्हणतात त्याचा हिशोब मी घरी बसून केला, अकाउंटचंच काम करते मी. प्रायमरीच्या मुली साधारण १६०, संडास चार. म्हणजे एकाला चाळीस मुली. एकीला दीड मिनिट धरलं, नाडी सोडणं, बसणं, परत बांधणं, तर चाळीस जणींना एक तास. सुट्टी पंधरा मिनिटं. दहा जणींचं होईल, बाकीच्या तीस जणींनी काय करायचं? केंद्र सरकारच्या २०१४ च्या स्वच्छ विद्यालय मोहिमेत दर ४० मुलांमागं एक संडास आणि तीन मुताऱ्या असं प्रमाण सांगितलंय. त्यातल्या तीन मुताऱ्या मुलींकडं नव्हत्याच. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्यात मुला-मुलींना वेगळे संडास आणि प्यायचं पाणी पाहिजे असं आहे, आणि कलम १७ मधे मुलाला मारायचं नाही आणि मानसिक त्रास पण द्यायचा नाही असं स्पष्ट आहे. संडास बांधून त्याला तासभर कुलूप घातल्यासारखं ठेवलं तर तो बांधला कशाला.

असो, आता दुसऱ्या शाळेवर येते.

शोधताना आम्ही चार शाळा बघितल्या आणि प्रत्येक ठिकाणी ऑफिसात पहिलं सांगितलं, संडास बघायचाय. एका ठिकाणी चालू वर्गाचं कारण दिलं, एका ठिकाणी स्टाफचा दाखवला. या शाळेत शिपाईकाकांनी लगेच नेलं, सुट्टी नुकतीच संपलेली, फरशी ओली होती पण वास नव्हता. बिल्डिंग जुनी आहे, २०१९ च्या पुरात ग्राउंड फ्लोअर पाण्यात होता, त्यानंतर खालचे सगळे संडास नवे केलेत. पहिली ते चौथीचे वर्ग खालीच आणि संडास वर्गांच्या समोर, म्हणजे दारातनं दिसतो. कड्या खाली लावल्यात, लहान पोराचा हात पोचतो आणि आतनं अडकलं तर बाहेरनं पण उघडता येते. नळ चालू, हँडवॉश भरलेला, बादलीला कडी असलेला मग बांधलेला.

पद्धत अशी आहे की चौथीपर्यंत विचारायचंच नाही. वर्गाच्या दाराला खिळ्यावर दोन लाकडी चकत्या, एक मुलींची, एक मुलांची. चकती घ्यायची, गळ्यात घालायची, जाऊन यायचं, परत अडकवायची. खिळा मोकळा असेल तर कुणीतरी गेलंय, थांबायचं, आणि थांबवत नसेल तर करंगळी दाखवून तसंच पळायचं, बाई बघतात. पॅसेजच्या टोकाला मावशी खुर्ची टाकून बसलेल्या असतात, त्या कुणाची नाडी सोडून देतात, कुणाची बांधून देतात. कपड्यांचा एक ज्यादा जोड वर्गाच्या कपाटात, कुणाचं झालंच तर मावशी गपचूप बदलतात, पिशवीत ओले कपडे घालून दप्तरात ठेवतात, डायरीत शेरा नाही की काही नाही.

मी बाईंना विचारलं की मग सगळी पोरं दिवसभर बाहेरच फिरत असतील. म्हणाल्या, "जूनमधे पहिले पंधरा दिवस तसंच होतं, ज्याला त्याला चकती गळ्यात घालायची असते. आम्ही काही बोलत नाही. मग नवलाई संपते." तास बुडतो का, तर तीन-चार मिनिटं बुडतो. पण मांडी आवळून बसलेल्या पोराचा पण तास बुडतच असतो की, नुसता दिसत नाही. वजाबाकीत हातचा घ्यायचं माझ्या पोरीला याच शाळेत कळलं.

पाण्याची घंटा पण आहे, दिवसातनं तीनदा. घंटा झाली की सगळ्यांनी बाटली काढून प्यायचं, बाईंनी पण. केरळात २०१९ ला शाळांमधे ही पद्धत सुरू झाली ती नंतर बऱ्याच राज्यांनी उचलली, इथं हेडसरांनी स्वतःहून चालू केलीय. पण नुसती पाण्याची घंटा करून उपयोग नाही, पाणी पाजायचं आणि जाऊ द्यायचं नाही असं केलं तर अजून हाल. इथं दोन्ही एकत्र आहे म्हणून चालतंय.

आता जे आवडलं नाही ते. शनिवारी सकाळच्या शाळेला मावशी नसतात, त्या दिवशी मी काळजीतच असते. चारातले दोन कमोड मोठ्या माणसांच्या मापाचे आहेत, पाय लोंबकळतात, पोरी देशी संडासाच्या रांगेतच उभ्या राहतात. पाट ठेवा म्हणून मी मीटिंगमधे सांगितलं, बघतो म्हणाले, अजून ठेवले नाहीत. युनिट टेस्टला चकत्या काढून ठेवतात, पाऊण तासाचा पेपर असला तरी दुसरीच्या पोराला त्यात कशाला अडवायचं. आणि सगळ्यात मोठी तक्रार, पाचवीपासून वरच्या मजल्यावर जुनाच नियम आहे, विचारून जायचं आणि शक्यतो सुट्टीत. सहावी-सातवीत कितीतरी मुलींची पाळी सुरू झालेली असते, त्यांना तर बारक्यांपेक्षा जास्त गरज, आणि त्यांनी भर वर्गात सरांना कारण सांगायचं? वरच्या मजल्यावरच्या मुलींच्या संडासात दुपारनंतर पाणी पण कमी येतं. आमच्या शेजारची सातवीतली मुलगी पाळीच्या पहिल्या दिवशी सरळ घरीच राहते. मुलींच्या सुरक्षिततेसाठी असते ती सखी सावित्री समिती आहे शाळेत, बोर्डावर नावं आहेत, मी तिथं लेखी दिलंय की चकतीची पद्धत दहावीपर्यंत करा. उत्तर आलं की तुम्हाला इथंच कळवीन.

बाकीचं पटकन. फी पहिल्या शाळेच्या निम्म्याच्या आसपास. सेमी इंग्लिश आहे. इंग्लिश बोलणं कमी पडतंय, ते घरी घ्यावं लागतं. ग्राउंड लहान, पावसाळ्यात चिखल. खेळाच्या दिवशी ट्रॅकपँट इलॅस्टिकची, नाडी-बेल्ट-हूक काही नाही, बारकी गोष्ट वाटेल पण पोराला स्वतःचं स्वतः उतरवता येतं. गॅदरिंग साधं, स्टेज भाड्याचं. स्मार्ट बोर्ड दोनच वर्गात. दप्तराचं ओझं आहे तेवढंच आहे.

पाचापैकी चार देते. एक कापला तो वरच्या मजल्यासाठी.

पोरीला वर्षभरात परत इन्फेक्शन झालं नाही. सोनोग्राफी दोनदा केली, दुसऱ्यांदा पिशवी पूर्ण रिकामी होतेय असं आलं. जूनमधे पहिले काही दिवस ती चकतीला हातच लावत नव्हती, मावशीच तिला दर दोन तासांनी हाक मारायच्या, "चल गं बाय, माझ्यासंगं येतीस का," असं म्हणून न्यायच्या, म्हणजे हिला वाटावं की मावशीलाच सोबत पाहिजे. ऑगस्टात एकदा घरी येऊन म्हणली, "मम्मी, आज मी चकती घेतली आणि बाईंनी बघितलं पण नाही." लई मोठी गोष्ट सांगितल्यासारखं सांगत होती. यावर्षी ३ जानेवारीला परत सावित्रीबाई व्हायचंय का विचारलं तर आधी नको म्हणली, मग संध्याकाळी स्वतःच म्हणली, होते, पण पातळ शाळेत जाऊन नेसवा आणि पिना लावू नका. आत्यांनी त्याच पातळाला कमरेला इलॅस्टिक घालून दिलं. आता बाटली दुपारी रिकामी येते, कधी कधी मैत्रिणीचं पण पिऊन येते.

ॲडमिशनसाठी जाणार असाल तर सकाळी साडेदहाच्या सुट्टीनंतर जा, आणि कुठलीही शाळा असू दे, संडास बघायला मागा, कडीला हात लावून बघा, नळ सोडून बघा. पोराला बरोबर नेलं असेल तर त्याला तिथं जाऊन यायला सांगा.